टाकी जुनी चालेल, तिच्यासोबत आलेलं रबर नको

पिकअपची टाकी सडली आणि आता भंगारातली बसवणार, असं म्हटलं की दोन प्रकारचे सल्लागार लगेच हजर होतात. एक म्हणतो, "पेट्रोलचा मामला आहे, तिथे जुनं कशाला? नवीनच घे." दुसरा म्हणतो, "बदलायचीच कशाला? डाग देऊन टाक, नाहीतर वरून पुटी लाव. चालतंय." मला दोघांचंही पटत नाही. पण पहिला फार तर खर्चात पाडेल. दुसरा जिवावर बेतणारं सांगतोय, म्हणून आधी त्याचा समाचार.

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते. पेटते ती पेट्रोलची वाफ, आणि हवेत तिचं प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के असलं की एक ठिणगी पुरते. भरलेल्या टाकीत वरच्या जागेत वाफ एवढी दाट असते की ती पेटायला हवाच अपुरी पडते. उपसलेली, तोंड उघडं ठेवलेली टाकी मात्र नेमकी त्या मधल्या टप्प्यात येऊन बसते. धुतली, उन्हात वाळवली तरी सांध्यात आणि गंजाच्या खपल्यांखाली पेट्रोल मुरलेलं असतंच. आच लागली की ते परत वाफ होऊन बाहेर येतं. टाकीला वेल्डिंग करताना माणसं दगावली आहेत ती याच कारणाने. पुटीचं म्हणाल, तर बाहेर सुईएवढं भोक दिसतं तेव्हा भोवतालचा पत्राही आतून खाल्लेला असतो. एक भोक बुजवाल, पुढचं त्याच्या शेजारीच पडेल.

आता "नवीनच घे" वाल्यांकडे वळू. गाडी जुनी असेल तर कंपनीची अस्सल टाकी बऱ्याचदा मिळतच नाही. मिळते ती बाहेर बनवलेली, आणि त्यातल्या काही ठीक असतात हे मान्य. पण पत्रा पातळ, नळीचं तोंड बोटभर सरकलेलं आणि टाकीत बसणारा पंप धरून ठेवणारी रिंग नीट बसत नाही, अशाही असतात. त्यापेक्षा त्याच मॉडेलच्या गाडीतून निघालेली चांगली टाकी मी कधीही घेईन. तिचा प्रत्येक वाक आणि कान जिथे हवा तिथेच असतो.

फक्त "चांगली" कशाला म्हणायचं ते कळलं पाहिजे. भंगारवाल्याला पहिला प्रश्न विचारायचा तो हा: गाडीतलं पेट्रोल काढलं कसं? बऱ्याच यार्डांत गाडी उचलतात आणि टाकीच्या बुडाला सरळ भोक पाडून पेट्रोल खाली घेतात. त्यांच्या दृष्टीने तेच सुरक्षित आणि झटपट, पण टाकी गेली. म्हणून वरून चकचकीत दिसणाऱ्या टाकीचं बूड आधी बघा. दुसरा प्रश्न, झाकण किंवा पंप काढून ती किती दिवस उघड्यावर पडली आहे? पावसाचं पाणी तळाशी साचून पत्र्याची टाकी आतून फार लवकर सडते. टॉर्च आत मारून बघा, एलईडीची, साधा गरम बल्ब चुकूनही नको. हलकी तांबूस झाक असेल तर साफ करता येते. खपल्या सुटत असतील तर तिथेच ठेवून या. वासही घ्या. शिळ्या पेट्रोलला रंगाच्या डब्यासारखा वास येतो, आणि त्याचा चिकट थर जाळीत बसला की पंपाचा घसा आवळतो.

प्लास्टिकची टाकी गंजत नाही, हा तिचा मोठा गुण. पण तिला तडा गेला असेल तर तो विषय तिथेच संपला. चिकटवलेली प्लास्टिकची टाकी कुणी फुकट दिली तरी घेऊ नका.

मॉडेल तेच, म्हणजे टाकी तीच, असं मात्र नसतं. हौद्याची, म्हणजे मागच्या माल ठेवायच्या भागाची, लांबी बदलली की टाकी बदलते, आणि काही पिकअपना दोन टाक्या असतात. त्यामुळे टाकीचा पार्ट नंबर जुळवल्याशिवाय पैसे देऊ नका. दुसऱ्याच गाडीची टाकी आणून जागा दिसेल तिथे लटकवायचा जुगाड तर अजिबात नको. अमेरिकेत १९७३ ते १९८७ च्या जनरल मोटर्सच्या मोठ्या सी/के पिकअपमध्ये टाकी चेसिसच्या बाहेरच्या अंगाला होती. बाजूने धडक बसली की आग लागते, या तक्रारींवर सरकारी चौकशी झाली आणि १९९४ मध्ये कंपनीने सुरक्षेच्या कार्यक्रमांसाठी ५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम देण्याचं कबूल केल्यावर ती मिटली. टाकी कुठे बसवायची यावर कंपन्यांनासुद्धा एवढं ऐकावं लागतं. (त्याआधीच्या पिढीत तर ती केबिनमध्ये सीटच्या पाठीमागे असायची. पाठीला टेकूनच म्हणा ना.)

माझा खरा आग्रह पुढच्या गोष्टीसाठी आहे. टाकी जुनी घ्या, पण तिच्यासोबत आलेलं रबर घेऊ नका. भरण्याच्या नळीचा होज, हवा जाण्याची नळी, पंपाखालची ओ-रिंग (गोल रबरी कडं), क्लॅम्प आणि टाकी धरून ठेवणारे पट्टे, हे सगळं नवीन. टाकीत वाचलेले पैसे इथेच घालायचे असतात. ओ-रिंग तर एकदा उघडली की फुगते, परत खाचेत बसत नाही. पट्टे आणि टाकी यांच्यामधली रबराची पट्टीही विसरू नका. ती नसली की लोखंड लोखंडावर घासतं आणि नव्याने भोक पडतं ते बरोबर तिथेच.

फ्लोट, म्हणजे टाकीत किती पेट्रोल आहे ते काट्याला कळवणारा तरंगता भाग, शक्यतो आपलाच टाका, कारण काट्याचं गणित विजेच्या रोधावर चालतं आणि ते प्रत्येक कंपनीचं वेगळं. कुठे रिकाम्या टाकीला ० ओहम आणि भरलेलीला ९०, कुठे उलटं, रिकामीला २४० आणि भरलेलीला ३३. उलट्या गणिताचा फ्लोट बसला तर टाकी भरताना काटा खाली उतरतो.

काढण्या-बसवण्याबद्दल एकच सांगतो, पण ते महत्त्वाचं आहे. बहुतेक जण गाडीखाली झोपून टाकी खाली घेतात. पिकअपला दुसरी वाट आहे, हौदाच उचला. सहा-आठ मोठे बोल्ट, मागच्या दिव्यांचा कनेक्टर आणि पेट्रोल भरायच्या तोंडाचे स्क्रू, एवढं सोडलं की चार माणसं हौदा बाजूला ठेवतात आणि टाकी उघडी समोर येते. पंपाची रिंग, नळ्या, वरचा सगळा साचलेला चिखल, उभ्याने दिसतं. बोल्ट जाम असतील तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. रिंग ठोकायला लोखंडी छिन्नी नको, पितळी घ्या, ठिणगी पडत नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढलेली हवी. पेट्रोल आधी उपसून घ्या. लिटरला पाऊण किलो धरलं तरी ६० लिटरचं वजन ४५ किलो होतं, आणि ते आत डचमळतं. वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीवरून सरपटत जाते, तेव्हा शेजारच्या खोलीत कुणी शेगडी किंवा गिझर पेटवणार नाही याची खात्री करा.

बसवल्यावर थोडं पेट्रोल टाकून "गळत नाही" असं जाहीर करू नका. टाकीचा माथा आणि नळ्यांचे सांधे पूर्ण भरल्यावरच बोलतात. काठोकाठ भरून रात्रभर उभी करा आणि सकाळी खाली वाकून बघा. काही नवीन गाड्यांत तर सुईच्या अग्राएवढी, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची गळतीही गाडीचा कॉम्प्युटर पकडतो आणि इंजिनाचा दिवा लावतो. तो दिवा लागला की आधी झाकणाचं रबर तपासा, मग बाकीचं.

गंजलेल्या टाकीत आतून लेप ओतून वापरण्यावर माझा विश्वास नाही. लेप सुटला की त्याचे तुकडे पंपाच्या जाळीत जातात. कुणाचा लेप बरीच वर्षं टिकला असेल तर जरूर लिहा, आणि आधी टाकी कशाने साफ केली होती तेही सांगा.