फसव्या जोड्यांबद्दलही लिहा

इलेक्ट्रॉनांच्या टकरींनी अणूचा वेध घेणाऱ्या प्रयोगांवरचा तुमचा लेख आवडला. अणूवर इलेक्ट्रॉन आदळवून बाहेर पडणारे दोन्ही इलेक्ट्रॉन, म्हणजे आदळलेला आणि अणूतून उडालेला, एकाच वेळी टिपतात, हे छान सांगितलंय. पण या प्रयोगांत दिवसच्या दिवस का जातात, हे एका वाक्यात उरकलंत. खरी मेख तिथेच आहे.

दोन डिटेक्टरांत काही नॅनोसेकंदांच्या आत इलेक्ट्रॉन आले, तरी ते एकाच अणूतले असतील असं नाही. योगायोगाने जुळलेल्या अशा जोड्या फसव्या. बीम, म्हणजे आदळणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा झोत, दुप्पट केला तर खऱ्या जोड्या दुप्पट होतात, फसव्या मात्र चौपट! म्हणून बीम मंद ठेवून धीर धरावा लागतो. दोन इलेक्ट्रॉनांच्या येण्यातल्या वेळेच्या फरकाच्या आलेखात फसव्या जोड्या सपाट पसरतात, खऱ्यांचं शिखर त्यावर उठून दिसतं. सपाट भाग वजा करायचा. मग आधीच्या आणि नंतरच्या ऊर्जेच्या हिशेबातली तूट म्हणजे बंधनऊर्जा, इलेक्ट्रॉनला अणूतून सोडवायला लागणारी ऊर्जा, हायड्रोजनला १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि संवेगाच्या हिशेबातून अणूतल्या इलेक्ट्रॉनचा संवेग. १९८१मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठात हायड्रोजनवर हे मोजलं आणि पुंजभौतिकीतल्या श्रोडिंगरच्या समीकरणातून निघणारा वक्र मोजलेल्या बिंदूंशी उत्तम जुळला. याचं मला आजही अप्रूप वाटतं.

इथे रत्नागिरीत बीएस्सीची पोरं विचारतात, सर, याचा उपयोग काय? मी त्यांना मिरकरवाड्याच्या जेटीवरच्या, खाऱ्या वाऱ्याने पापुद्रे सुटलेल्या साखळ्या आठवायला सांगतो. गंजाची सुरुवात पृष्ठभागावरच्या अणूंपासून होते, आणि कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन नेमके वरच्या काही थरांतूनच सुटून येतात.

पृष्ठभागांसाठी फोटोइलेक्ट्रॉन (प्रकाशाने किंवा क्ष-किरणांनी उडालेला) आणि ऑजे इलेक्ट्रॉन (त्याची रिकामी जागा भरताना अणूतून सुटणारा) यांची जोडी लावतात, त्यावर स्वतंत्र लेख कराच.