बेदाण्याला विचारा

नारायणगावची द्राक्षं मार्केट यार्डात दिसू लागली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हटकून येतो. यंदा तो खालच्या मजल्यावरच्या काकांनी टाकला: 'बी नसलेलं फळ म्हणजे नपुंसक फळ. सगळी जीएम. जे स्वतःचा वंश वाढवत नाही, ते खाऊन तुमचा कसा वाढेल? आजोबांच्या काळी बियांची फळं होती, म्हणून घरात आठ-आठ मुलं होती.' मी ज्युनियर कॉलेजात आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी जीएमचं, म्हणजे प्रयोगशाळेत जनुकं बदललेल्या पिकांचं. भारतात व्यापारी लागवड होते असं जीएम पीक एकच, २००२ साली परवानगी मिळालेला बीटी कापूस. बीटी वांगंसुद्धा २०१० मध्ये अडलं ते अडलंच. द्राक्षाचा त्यात पत्ताच नाही. जनुकं कापायचं-जोडायचं तंत्र १९७० च्या दशकातलं, आणि बेदाणा? फारसीत 'बे-दाना' म्हणजे बिनबियांचा. शब्दातच उत्तर आहे, आणि तो आपल्या शिऱ्यात कित्येक पिढ्या पडतोय.

आता 'नपुंसक'. काकांना घरी बोलावलं, एक द्राक्ष उभं चिरलं आणि खिडकीशी धरलं. गरात दोन-तीन मऊ, फिकट कण दिसतात, तिळाहून बारीक. ही अर्धवट राहिलेली बीजं. म्हणजे फलन होतं, गर्भ धरतो, पण पुढे वाढ खुंटते आणि बीजाचं कवच कडक होत नाही. परागकण मात्र कामाचे असतात. आपल्या पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेनं संकरातून काढलेलं एआरआय-५१६ हे रसाचं द्राक्ष बियांचं आहे, आणि त्याच्या आईबापांत 'ब्यूटी सीडलेस' आहे. नपुंसकाला मुलं झाली म्हणायची!

केळ्याची गोष्ट निराळी. तिथे फलनाशिवायच फळ धरतं. खायच्या बहुतेक केळ्यांत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, एकूण ३३. परागकण आणि बीजांडं तयार होताना त्यांच्या जोड्या नीट लागत नाहीत. घोड्याची ६४, गाढवाची ६२ आणि खेचराची ६३, तिथेही असाच घोळ, म्हणून खेचर वांझ. म्हणून केळीचा बाग मुनव्यांवर, म्हणजे बुंध्याशी फुटणाऱ्या कोंबांवर, लावतात आणि द्राक्षाचा कलमांवर. वंश वाढतोच, फक्त बियांवाटे नाही.

खाल्ल्यानं वांझपण येतं का? डीएनए आपण प्रत्येक घासाबरोबर खातो, पालकाचा, तांदळाचा, माशाचा. आतड्यात त्याचे तुकडे होतात, त्यातला 'गुण' आपल्याला लागत नाही. नाहीतर खच्ची बोकडाचं मटण खाणाऱ्या घरांत पाळणाच हलला नसता.

आठ मुलांचं कारण फळांत शोधण्यात अर्थ नाही. संततिनियमनाची साधनं सहज मिळत नव्हती, एवढं पुरे. शिवाय आजोबांची वेलची आणि राजेळी केळीही बिनबियांचीच. सत्यनारायणाच्या प्रसादात केळंही बिनबियांचं, बेदाणाही बिनबियांचा, आणि तो प्रसाद नवी जोडपी आवर्जून खातात.

मेसेजात नसलेली एक काळजी मात्र खरी आहे. कलमानं वाढवलेली झाडं म्हणजे एकाच झाडाच्या नकला. अधूनमधून फांदीवरच्या एखाद्या डोळ्यात, म्हणजे अंकुरात, आपोआप बदल होतो, थॉमसन सीडलेस या द्राक्षातून सांगलीकडे निवडलेली तास-ए-गणेश ही जात तशीच, पण एरवी हजारो एकरांवर एकच जनुकसंच. एकाला रोग लागला की सगळ्यांना लागतो. ग्रो मिशेल हे एकेकाळी जगभर निर्यात होणारं केळं. पनामा नावाच्या बुरशीच्या रोगानं १९५० च्या दशकात त्याचे मळे उजाड केले. आपल्याकडे डाऊनी आणि भुरी या रोगांच्या धास्तीनं द्राक्षावर फवारण्या होतात, त्याचंही एक कारण हेच. तेव्हा काका, घड नीट धुऊन घ्या, आणि मेसेज करायचाच तर यावर करा.