पत्रा अंगठ्याने दबतो, म्हणून गाडी कच्ची?

"ॲम्बॅसॅडरचा पत्रा हातोडीलाही दाद देत नव्हता, आताचा अंगठ्याने दबतो. कंपन्यांनी चॅसी काढली, लोखंड वाचवलं. धडक बसली की गाडीचा चुरा, आणि आत माणसं मरतात." चेपलेल्या गाडीच्या फोटोसह हा मजकूर आमच्या नातेवाइकांच्या गटावर पुन्हा फिरतोय. तो वाचून माझा मामेभाऊ नवी गाडी सोडून वीस वर्षं जुनी जीप घ्यायला निघालाय, म्हणून लिहितो.

चॅसीचं, म्हणजे बॉडीखालच्या वेगळ्या लोखंडी चौकटीचं, आधी संपवू. ॲम्बॅसॅडरलाही वेगळी चॅसी नव्हती आणि पद्मिनीलाही. दोन्हींची बॉडी हाच सांगाडा होता.

आता अंगठा. आपण दाबतो ते दार किंवा बॉनेट म्हणजे सांगाड्यावरचं पांघरूण. जीव वाचवणारं लोखंड त्याच्या आत असतं: खिडक्यांमधले खांब, दाराखालचा उंबरठा, छताची कड. अनेक गाड्यांत हे भाग बोरॉनमिश्रित पोलादाचे असतात. तो पत्रा सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवून साच्यात दाबतात आणि साच्यातच झटकन थंड करतात. त्याची ताकद साध्या पत्र्याच्या चार-पाच पट होते. अंगठ्याला यातलं काहीच कळत नाही.

मुख्य गैरसमज चुऱ्याबद्दल आहे. ताशी ६४ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी थांबताना आतला माणूस २० सेंटिमीटरमध्ये थांबला, तर त्याच्यावर वजनाच्या सुमारे ८० पट जोर येतो. हेच अंतर ६० सेंटिमीटर मिळालं, तर सुमारे २७ पट. हे जादा अंतर येतं गाडीचं नाक चेपण्यातून. पुढचा भाग चेपू द्यायचा आणि केबिन ताठ ठेवायची, ही कल्पना बेला बारेनी या मर्सिडीजच्या अभियंत्याची, १९५० च्या दशकातली. पण हे सगळं पट्टा बांधलेल्या माणसासाठी. मागच्या सीटवरही.

पुरावा हवा असेल तर गाड्या आपटून त्यांची सुरक्षा तपासणाऱ्या अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेची २००९ ची चाचणी बघा. १९५९ ची शेवरोले बेल एअर आणि २००९ ची शेवरोले मालिबू ताशी ६४ किलोमीटरने एकमेकींवर आदळवल्या. बेल एअरला तर वेगळी चॅसीसुद्धा होती. तिची केबिन कोसळली, स्टिअरिंग चालकाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याच्या अंगावर आलं. मालिबूचं नाक गेलं, पण केबिन उभी राहिली. तिच्या चालकाला फार तर पायाला मार बसला असता.

"नवा धातू म्हणजे काटकसर" हेही खरं नाही. ॲल्युमिनियम किलोमागे पोलादापेक्षा महाग पडतं. फोर्डने २०१५ च्या एफ-१५० या पिकअपला ॲल्युमिनियमची बॉडी दिली, तरी खालची चॅसी पोलादाचीच ठेवली.

मग कंपनीवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा का? नाही, आणि मजकुरातला संशय इथे रास्त आहे. त्याच एफ-१५० च्या एका केबिन-प्रकाराला फोर्डने चाकाजवळचे जादा आधार दिले, दुसऱ्याला नाही. आयआयएचएसने दोन्ही आपटून तो फरक उघडा पाडला, तेव्हा पुढच्या वर्षी दुसऱ्यालाही ते मिळाले. आपल्याकडे २०१४ मध्ये गाड्या आपटून सुरक्षेचे तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने पाच गाड्या तपासल्या: अल्टो ८००, नॅनो, आय १०, फिगो, पोलो. एअरबॅग नसलेल्या त्या पाचही गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले. पण फिगो आणि पोलोचा सांगाडा टिकला होता, आणि दोन एअरबॅग असलेल्या पोलोला चार तारे मिळाले. पत्र्याची जाडी मोजून हा फरक कुणाला सापडला असता?

भारत एनकॅप ही आपली स्वतःची तारे देणारी चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे. त्यात समोरची धडक ताशी ६४ ची असते. कायद्याने बंधनकारक चाचणी मात्र ५६ ची. ही ताऱ्यांची चाचणी ऐच्छिक आहे, आणि ती सक्तीची व्हावी असं मला ठामपणे वाटतं. रागवायचं तर चाचणीला न आलेल्या गाडीवर रागवा.

आणि गटावरचा तो फोटो जरा मोठा करून बघा. बॉनेट गेलंय, बंपर गेलाय. पण काचेशेजारचा खांब सरळ आहे आणि चालकाचं दार चौकटीत नीट बसलेलं आहे.