दोन नंबर मोठा बूट घेऊन बर्फावर जाऊ नका

डिसेंबर लागला की आमच्या तालुक्याच्या ट्रेकिंग ग्रुपवर एक मेसेज हटकून फिरतो. वर 'बर्फावर जाणाऱ्या वैदर्भीय भावाबहिणींसाठी खास', खाली जोडलेल्या हातांची रांग. यंदा मला तो सहा जणांनी पाठवला, त्यात माझा चुलतभाऊ. गुलमर्गच्या नाहीतर औलीच्या बेसिक स्कीइंग कोर्सला आपल्याकडची पोरं आता जायला लागलीत, आणि त्यांच्या खिशात हाच मेसेज असतो. म्हणून हे उत्तर.

मेसेजचं म्हणणं असं. स्कीबूट नेहमीच्या नंबरापेक्षा दोन नंबर मोठा घ्या, म्हणजे बोटं मोकळी राहतात आणि गोठत नाहीत. आत दोन-तीन जाड मोजे घाला. ताबा हवा असेल तर सगळी बकलं जीव खाऊन आवळा. तरी जमलं नाही तर मित्राशी बूट बदलून बघा. आणि शेवटचं: आपण गावाकडची माणसं अनवाणी फिरून सपाट पायाची झालो आहोत, म्हणून जेलचा इनसोल, म्हणजे बुटात तळपायाखाली घालायचा पातळ तळ, टाकल्याशिवाय आपल्याला स्कीइंग येणार नाही, टाकला की आपोआप येतं.

पहिला सल्ला मी स्वतः पाळला होता, तेव्हा त्याच्यापासूनच.

गुलमर्गला फेब्रुवारीत भाड्याचे बूट घेताना दुकानातल्या माणसानं नंबर विचारला. मी चपलेचा सांगितला, आठ. वर मेसेजच्या भरवशावर जोडलं, 'थोडा बडा देना.' त्यानं २८ चा बूट काढून दिला. पाय आत गेला तसा इतका सुखावला की मी मनातल्या मनात मेसेजवाल्याचे आभार मानले. पुढचे चार दिवस मी मागच्या मागे पडत होतो. शिकवणारे सर ओरडायचे, 'आगे झुको, घुटना आगे!' मी गुडघा पुढं नेत होतो, शपथेवर सांगतो, पण पायाखालची स्की, म्हणजे बुटाला अडकवलेली लांब पट्टी, ऐकत नव्हती. मला वाटलं, भीती आहे. ४५ डिग्रीतला माणूस, बर्फ अंगात यायला वेळ लागणारच. चौथ्या दिवशी मोजा काढला तर अंगठ्याचं नख काळं पडलेलं. एवढ्या ऐसपैस बुटात नख काळं कसं पडतं? तर ऐसपैस होता म्हणूनच. प्रत्येक उतारावर पाय आत पुढं सरकत होता आणि अंगठा प्लास्टिकच्या भिंतीवर आदळत होता.

स्कीबुटाचा नंबर चपलेचा नसतो. त्याला मोंडोपॉइंट म्हणतात आणि तो सरळ पायाची लांबी असते, सेंटिमीटरमध्ये. माझा पाय २६ सेंटिमीटर, म्हणजे बूट २६ चा. घरी मोजायला काही लागत नाही. ओसरीच्या फरशीवर भिंतीला टाच टेकवून उभं राहायचं, अंगाचा भार त्या पायावर टाकायचा, सगळ्यात लांब बोटाच्या टोकाशी खडूनं खूण करायची आणि पोराच्या कंपासपेटीतल्या पट्टीनं मोजायचं. बसून मोजू नका, भार पडल्यावर पाय पसरतो. दोन्ही पाय मोजा, ते सारखे निघतीलच असं नाही.

दुकानात आणखी एक तपासणी करायची. बुटाच्या आतली गादी, म्हणजे लायनर, बाहेर ओढून काढायची. नुसत्या कवचात पाय घालायचा, बोटं पुढं जेमतेम टेकवायची आणि टाचेमागं किती जागा उरते ते पाहायचं. दीड ते दोन सेंटिमीटर, म्हणजे साधारण दोन बोटं, एवढी ठीक. माझ्या २८ च्या बुटात तिथं अख्खी मूठ जाईल की काय असं वाटत होतं. मग लायनर परत घालून, बकलं लावून सरळ उभं राहायचं: बोटं पुढं हलकी टेकतात, बूट लहान वाटतो. आता गुडघे वाकवून नडगी पुढं रेटायची: टाच मागं बसते आणि बोटं भिंतीवरून सुटतात. हे झालं तर बूट तुमचा. लक्षात ठेवा, लायनर वापरानं दबतो. दुकानात ज्याला मस्त वाटतं, त्याला आठवड्यानं ढिलं वाटणार. भाड्याचे बूट तर आधीच शंभर पायांनी दाबलेले असतात.

ढिल्या बुटानं नुसतं नख जात नाही, सगळी चालच बिघडते, आणि हे कळायला मला गुलमर्गपेक्षा आमचं वावर जास्त उपयोगी पडलं. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, डवरा (तण काढायचं बैलांचं अवजार) हाणणाऱ्याला विचारा. रुमणं, म्हणजे डवऱ्याचा हातात धरायचा दांडा, खोडात ढिलं बसलं असेल तर काय होतं? तुम्ही रुमणं डावीकडं दाबता, ते आधी आपल्या भोकातच खुळखुळतं, आणि पास, म्हणजे खालचं लोखंडी पातं, वळेपर्यंत बैल दोन पावलं पुढं गेलेले असतात. तण राहतं आणि पऱ्हाटीचं झाड कापलं जातं. माणूस बैलांवर ओरडतो. माझ्या बाबांनी अशा वेळी बैल थांबवून आधी पाचर ठोकलेली मी पाहिली आहे, एकही शब्द न बोलता.

स्कीवर रुमणं म्हणजे तुमची नडगी. वळायचं तर नडगी पुढं आणि बाजूला झुकते, बुटाच्या जिभेला दाबते, कवच झुकतं, कवचाबरोबर स्की कलते आणि तिची धार बर्फात रुतते. बूट मोठा असला की गुडघा वाकवताच आत टाच उचलली जाते. नडगी हलते, कवच जागेवर. स्कीला निरोप उशिरा पोहोचतो. तोवर वेग वाढलेला, जीव घाबरलेला, कंबर आपोआप मागं जाते. वजन मागच्या टोकावर गेलं की पुढची टोकं हलकी होतात, आणि हलक्या टोकांनी वळता येत नाही. त्यात ढिल्या बुटाला धरून ठेवायला माणूस नकळत बोटं आकडतो. करून बघा आत्ता, खुर्चीवर बसल्या बसल्या: बोटं आकडली की घोटा ताठ होतो. ताठ घोट्यानं कसलं 'घुटना आगे'? सर माझ्या भीतीवर ओरडत होते आणि भीतीचं मूळ बुटात होतं.

मेसेजवाल्यानं हे मनातून काढलं असेल असं मात्र मी म्हणत नाही. ट्रेकिंगच्या बुटाला हा सल्ला लागू आहे. लांब उतारावर बोटं आपटू नयेत म्हणून थोडा मोठा बूट घेतात. गड उतरायचं शहाणपण कुणीतरी स्कीला चिकटवलंय.

आता मोजे. पाय गार पडतो तो मोजा पातळ म्हणून नव्हे, रक्त पोहोचत नाही म्हणून. दोन-तीन जाड मोज्यांनी बूट आतून भरतो, पाय आवळला जातो, पायाच्या वरच्या बाजूनं जाणारी रक्तवाहिनी दबते. शिवाय जाड मोज्याला घडी पडते, घडीचा फोड होतो. घाम आला की ओला मोजा आणखी गारठा धरतो. एकच पातळ, गुडघ्यापर्यंतचा, लोकरीचा नाहीतर सिंथेटिक मोजा पुरतो. सुती नको. आणि थर्मलची पँट बुटात खोचू नका. ती नडगीवरच राहू द्या, बुटाच्या वर. हे मला तिसऱ्या दिवशी एका काश्मिरी पोरानं हसत हसत सांगितलं, ते मेसेजमध्ये नव्हतं.

बकलांचं म्हणणं अर्धं खरं आहे. आवळावीच लागतात, पण सगळी सारखी नाही आणि क्रमानं. आधी टाच जमिनीवर आपटून मागं बसवायची. मग घोट्याजवळचं बकल, तेच टाच धरून ठेवतं. मग नडगीवरची, आणि वरचा पट्टा. पंज्यावरची नुसती अडकवायची, त्यांचं काम एवढंच की कवच फाकू नये. पंज्यावरची जीव खाऊन आवळली तर बोटं बधिर होतात आणि ताबा तिळभर वाढत नाही. बहुतेक बकलांना फिरवायचा आटा असतो, त्यानं अर्धा-एक मिलिमीटर कमीजास्त करता येतं. खाचा बदलत बसण्यापेक्षा तो फिरवा. रोपवेच्या पाळण्यात वर जाताना एखादं बकल सैल केलं तर पाप नाही. मोठा बूट आवळून लहान होत नाही, एवढं मात्र पक्कं. मी चार दिवस तेच करत होतो.

मित्राशी बूट बदलण्याबद्दल हात जोडून सांगतो, करू नका. बुटाच्या कवचावर टाचेपाशी तळाची लांबी मिलिमीटरमध्ये छापलेली असते. स्कीचं बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा खटका, त्या आकड्याला बसवलेलं असतं, आणि पडल्यावर बूट किती जोरानं सुटावा हे त्या आकड्याबरोबर तुमचं वजन, उंची, वय आणि तुम्ही कसं स्की करता यावर ठरतं. बूट बदलला की दुकानात जाऊन बाइंडिंग पुन्हा बसवून घ्यायचं. नको तेव्हा सुटलं तर पडाल. नको तेव्हा सुटलं नाही तर गुडघा जाईल.

राहिला सपाट पायांचा आणि इनसोलचा मुद्दा. याचा मला सगळ्यात जास्त राग आला, कारण यात सल्ल्यापेक्षा न्यूनगंड जास्त आहे.

अनवाणी फिरून पाय सपाट होतात, हे खरं नाही. १९९२ साली राव आणि जोसेफ या दोन भारतीय डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षांच्या २३०० मुलांच्या पायांचे ठसे तपासले. पायताण घालणाऱ्यांत ८.६ टक्के मुलांचे पाय सपाट निघाले, अनवाणी वाढलेल्यांत २.८ टक्के. अनवाणी पायाचा पंजा रुंद होतो, हे खरं, आणि स्कीबूट निवडताना कामाचं तेच आहे. बुटाच्या आतल्या रुंदीलाही आकडा असतो: ९८ मिलिमीटर म्हणजे अरुंद, १०० मध्यम, १०२ च्या पुढं रुंद. आमच्या पंज्याला रुंद बूट लागतो. लांबीत मोठा घेऊन रुंदी मिळवायची म्हणजे सदऱ्याची छाती आवळते म्हणून बाह्या लांब शिवून घेण्यासारखं आहे.

आणि जेल. आमच्याकडं पोलीस भरतीची पोरं १६०० मीटरच्या सरावाला जेलचे इनसोल घालतात, तिथं धक्का शोषायचा असतो. स्कीवर धक्का शोषायचा नसतो, निरोप पोहोचवायचा असतो. मऊ जेल म्हणजे रुमण्याच्या भोकात पाचरीऐवजी बोळा कोंबणं. स्कीबुटाचा चांगला इनसोल कडकसर असतो. त्याला टाचेला बसेल अशी वाटी असते आणि कमानीखाली आधार असतो. भार पडल्यावर कमान खचते, घोटा आत कलतो, गुडघा त्याच्यामागं जातो; हे आधारानं कमी होतं. पाय लांबायचा थोडा थांबतो, बोटांना आकडायची गरज उरत नाही. स्नोप्लाऊ करताना, म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची फाकवून वेग आवरताना, अंगठ्याखालची धार लवकर लागते. ज्याची कमान खरंच खचते त्याला फरक कळतो, हे मेसेजचं मी मान्य करतो.

पण कमान जरुरीपेक्षा उंच असली तर तळपायात गोळे येतात, आणि धार लावायला पायाला आतल्या आत जी थोडी कलायची मुभा लागते तीच बंद होते. इनसोल जागाही खातो. पाय वर उचलला जातो, पायाची वरची बाजू कवचाला लागते, आणि कालपर्यंत ठीक असलेला बूट आज बधिर करतो. म्हणून इनसोल बदलला की बकलं पुन्हा पहिल्यापासून लावायची. तुमची नडगीच वाकडी असेल तर ते इनसोलचं काम नाही, त्याला घोट्याजवळचा कवचाचा स्क्रू असतो, तोही जाणकारानं फिरवायचा. मोठ्या बुटातली टाच तर कुठल्याच इनसोलनं बसत नाही. पाचर चांगली असली म्हणून काय झालं, भोक दुप्पट असल्यावर ती कुठवर पुरणार?

माझी गोष्ट पाचव्या दिवशी बदलली. २६ चा बूट घेतला, त्याच साध्या इनसोलचा. पहिला तासभर शिव्या दिल्या. मग छोट्या उतारावर डावीकडं वळताना जाणवलं की बोटं आकडलेली नाहीत, नुसती पडून आहेत, आणि स्की आधीच वळलेली आहे. सरांनी त्या दिवशी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, दुसऱ्यावर ओरडत होते.

हे सगळं मी चुलतभावाला फोनवर सांगितलं. त्यानं गुलमर्गसाठी आधीच तीन जोड्या जाड मोजे घेऊन ठेवले होते. बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, 'मंग आता या मोज्यांचं काय करू दादा?'

म्हटलं, हरभऱ्याला रात्रीची लाइन आहे ना तुझी? पाणी द्यायला जाशील तेव्हा गमबुटात घाल. तिथं तिन्ही घाल.