जुन्या फोनची बॅटरी बदलणे व्यर्थ आहे, या सल्ल्याचा प्रतिवाद

दोन-तीन वर्षे वापरलेल्या फोनची बॅटरी बदलण्यात पैसे घालू नयेत, असा सल्ला हल्ली व्हॉट्सॲपवरच्या कौटुंबिक गटांपासून मोबाइलच्या दुकानांपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. त्याचा आशय थोडक्यात असा: फोन मंद होतो तो प्रोसेसर जुना झाल्यामुळे, तेव्हा नवी बॅटरी घालून काही साधत नाही, कंपन्या अपडेट बंद करून जुने फोन तसेही निकामी करतात, बाहेर मिळणाऱ्या बॅटऱ्या डुप्लिकेट असतात, त्या सहा महिन्यांत बसतात किंवा फुटतात, एकदा उघडलेला फोन पुन्हा पूर्वीसारखा राहत नाही, आणि एवढ्या खटाटोपापेक्षा एक्सचेंजमध्ये थोडी भर घालून नवा फोन घेतलेला बरा. या प्रत्येक विधानात सत्याचा काही अंश आहे, म्हणूनच ते लोकांना पटते. परंतु या सल्ल्यावर विसंबून उत्तम चालू शकणारा फोन कपाटात पडतो आणि बेताच्या मिळकतीचे घर नव्या फोनचे हप्ते भरू लागते, त्यामुळे तो मुद्द्यागणिक तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा दावा प्रोसेसरचा आहे. प्रोसेसर वापराने झिजून हळू चालू लागतो, ही समजूतच चुकीची आहे. तीन-चार वर्षांपूर्वी तो ज्या गतीने गणिते करत होता त्याच गतीने आजही करू शकतो. फोनमध्ये खरोखर झिजणारी मुख्य वस्तू म्हणजे बॅटरी. सोनीने १९९१ साली बाजारात आणलेल्या लिथियम-आयन बॅटरीची मूळ रचना आजही आपल्या फोनांत आहे: चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात आणि वापराच्या वेळी तेथून परततात. या ये-जा करण्यात ग्राफाइटच्या पृष्ठभागावर तयार झालेला पातळ थर हळूहळू जाड होत जातो आणि थोडे लिथियम त्यात कायमचे अडकून पडते. त्याचे दोन परिणाम होतात. बॅटरीत मावणारी वीज कमी होते, हे प्रत्येकाच्या लक्षात येते. पण त्याच वेळी बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे वीजप्रवाहाला तिच्या आतच होणारा अडथळा, वाढतो, याची जाणीव फार थोड्यांना असते, आणि बहुतेक तक्रारींचे मूळ या दुसऱ्या परिणामात आहे.

कॅमेरा उघडताना, नकाशावर रस्ता शोधताना किंवा रेंज कमी असलेल्या ठिकाणी कॉल लावताना फोनला क्षणभर फार मोठा विद्युतप्रवाह लागतो. रोध वाढलेल्या बॅटरीतून तो प्रवाह ओढला की तिचे व्होल्टेज एकदम खाली येते. टाकीत पाणी असूनही गंजलेल्या पाइपामुळे दोन नळ एकत्र उघडताच धार बारीक व्हावी, तसा हा प्रकार असतो. व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली गेले की फोन स्वतःला बंद करतो, आणि मग पडद्यावर २५ टक्के दिसत असताना फोन अचानक बंद पडल्याची तक्रार ऐकू येते. हे टाळण्याचा एक मार्ग म्हणजे प्रोसेसरला पूर्ण वेगाने धावूच न देणे.

हा मार्ग ॲपलने प्रत्यक्षात वापरला होता, आणि त्या प्रकरणातच या दाव्याचे उत्तर आहे. जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या आयओएस १०.२.१ या अपडेटने आयफोन ६, ६एस आणि एसई या मॉडेलांत जीर्ण बॅटरी आढळल्यास प्रोसेसरचा कमाल वेग कमी करण्याची सोय गुपचूप आणली. वर्षअखेरीस ती आयफोन ७ मध्येही आली. डिसेंबर २०१७ मध्ये एका वापरकर्त्याने आपल्या आयफोन ६एसची बॅटरी बदलण्यापूर्वीची आणि नंतरची, प्रोसेसरचा वेग मोजणाऱ्या गीकबेंच या चाचणीतली गुणसंख्या प्रसिद्ध केली: प्रोसेसरच्या एकाच गाभ्याच्या (सिंगल-कोर) चाचणीत ती १४६६ वरून २५२६ वर गेली होती. फोन तोच, प्रोसेसर तोच, फक्त बॅटरी नवी. त्यानंतर गीकबेंच तयार करणाऱ्या प्रायमेट लॅब्जचे जॉन पूल यांनी पुष्कळ फोनांची आकडेवारी मांडून दाखवले की हा एकट्यादुकट्याचा अनुभव नाही. त्याच महिन्यात ॲपलने वेग कमी केल्याचे मान्य केले, ग्राहकांची माफी मागितली आणि हमीकाळ संपलेल्या फोनांसाठी बॅटरी बदलण्याचा दर अमेरिकेत ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. भारतातही तो मोठ्या प्रमाणात उतरवण्यात आला. फ्रान्समध्ये २०२० साली कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड झाला, तो वेग कमी केल्याची माहिती ग्राहकांना न दिल्याबद्दल.

पुढे २ जानेवारी २०१९ रोजी ॲपलचे प्रमुख टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना लिहिलेल्या पत्रात आयफोनची विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाल्याची जी कारणे दिली, त्यांत स्वस्त दरात बॅटरी बदलून घेणाऱ्या ग्राहकांचा स्पष्ट उल्लेख होता. बॅटरी बदलल्यावर लोक नवा फोन घ्यायचे थांबतात, याचा यापेक्षा विश्वासार्ह पुरावा मला तरी ठाऊक नाही, कारण ही कबुली खुद्द विक्रेत्याची आहे.

येथे एक मर्यादा नोंदवली पाहिजे. प्रत्येक कंपनी अशा रीतीने वेग कमी करते असे नाही, आणि मंद झालेल्या प्रत्येक फोनचे कारण बॅटरी असते असेही नाही. साठवणूक काठोकाठ भरलेली असेल, किंवा जुन्या फोनच्या मोजक्या रॅमवर आजची अवजड ॲप्स चालवली जात असतील, तर नव्या बॅटरीने गती वाढणार नाही. म्हणून खर्च करण्यापूर्वी बॅटरीची अवस्था पाहावी. आयफोनच्या सेटिंगमध्ये बॅटरीची शिल्लक क्षमता टक्क्यांत दिसते; सॅमसंगच्या फोनांत कंपनीच्या मेंबर्स या ॲपमधून बॅटरीची तपासणी करता येते; इतर फोनांची तपासणी सर्व्हिस सेंटरमध्ये करून मिळते. क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास किंवा खाली असेल, फोन अचानक बंद पडत असेल, किंवा टक्केवारी चाळीसवरून एकदम पंधरावर येत असेल, तर दोष बॅटरीचा असण्याची शक्यता फार मोठी आहे.

अपडेटचा मुद्दा पूर्वी खरा होता, पण आता बऱ्याच फोनांबाबत चित्र बदलले आहे. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ साठी सात-सात वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले. वीस हजारांच्या आत आलेल्या गॅलेक्सी ए१६ ५जी लाही सहा वर्षांचे आश्वासन आहे. आता बॅटरीचे आयुष्य पाहू. आयफोन १४ आणि त्याआधीच्या आयफोनांची बॅटरी ५०० पूर्ण चक्रांनंतर ८० टक्के क्षमता राखेल अशी रचना असल्याचे ॲपल सांगते, आणि आयफोन १५ पासून हा आकडा १००० आहे. शून्यापासून शंभरपर्यंतचा एक वापर, किंवा निम्म्या चार्जिंगचे दोन वापर, म्हणजे एक चक्र. रोज एक चक्र धरले तर ५०० चक्रे दीड वर्षात आणि १००० चक्रे तीन वर्षांच्या आत भरतात. त्यात ३५ अंशांपुढची उष्णता बॅटरीची क्षमता कायमची कमी करू शकते, असे कंपन्याच सांगतात. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर चार्ज होणाऱ्या फोनचे काय होत असेल, याचा विचार करावा. सॉफ्टवेअर सात वर्षे आणि बॅटरी तीन-चार वर्षे, असा हिशेब असेल तर बॅटरी निदान एकदा बदलणे हा त्या फोनच्या देखभालीचा अपेक्षित भागच ठरतो. वर उल्लेखलेला आयफोन ६एस २०१५ साली आला होता आणि त्याला २०२५ मध्येही सुरक्षेचे अपडेट मिळाले. त्याची बॅटरी न बदलणाऱ्याला या दहा वर्षांचा लाभ मिळणे शक्यच नव्हते.

ज्या फोनला सुरक्षेचे अपडेट येणे थांबून बराच काळ लोटला आहे, त्यावर यूपीआय आणि बँकेचे व्यवहार करू नयेत, हे मात्र मी निःसंकोच सांगेन. अशा फोनमध्ये बॅटरी बदलायचीच असेल तर ती गाणी ऐकण्यासाठी, मुलांच्या अभ्यासाच्या चित्रफितींसाठी किंवा घरातल्या दुय्यम फोनसाठी बदलावी.

तिसरा दावा भीतीचा आहे: बदललेली बॅटरी फुटते. बॅटरीच्या संदर्भात ज्या दोन घटनांनी भारतीय ग्राहक सर्वाधिक धास्तावले, त्या दोन्ही मूळ बॅटरीच्या होत्या, हे हा दावा करणारे विसरतात. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने बीएल-५सी या बॅटरीबाबत इशारा दिला तेव्हा आपल्याकडेही केअर सेंटरांत गर्दी उसळली होती. त्या चार कोटी साठ लाख बॅटऱ्या मात्सुशिता कंपनीने नोकियासाठीच बनवल्या होत्या. २०१६ साली गॅलेक्सी नोट ७ परत मागवावा लागला, त्याचेही कारण कारखान्यातून बसवून आलेल्या बॅटऱ्यांमधील दोष हेच निघाले. फुटण्याचा संबंध बॅटरीच्या बांधणीशी, तिच्या संरक्षक सर्किटशी आणि ती बसवताना झालेल्या इजेशी असतो. ती मागाहून बसवली एवढ्याने ती धोकादायक होत नाही. उलट, जीर्ण होऊन फुगलेली मूळ बॅटरी वापरत राहणे हाच घरोघरी दिसणारा खरा धोका आहे. पडदा कडेने उचलला गेला असेल किंवा बॅक कव्हर सुटू लागले असेल, तर त्या दिवसापासून फोन चार्ज करू नये.

डुप्लिकेट बॅटऱ्यांचा सुळसुळाट आहे, ही तक्रार मात्र पूर्णपणे रास्त आहे, आणि बॅटरी बदलून पस्तावलेल्या बहुतेकांची कथा येथेच घडते. चारशे रुपयांत मिळालेल्या बॅटरीवर मूळ बॅटरीपेक्षा अधिक क्षमता छापलेली असेल, तर ती छपाई खोटी समजावी, कारण तेवढ्याच जागेत तेवढ्या किमतीत अधिक वीज मावत नाही. दुसरा प्रकार अधिक फसवा असतो: बॅटरी खरी असते, पण जुन्या फोनमधून काढलेली, किंवा मॉडेल बंद झाल्यापासून गोदामात पडून राहिलेली. लिथियम-आयन बॅटरी न वापरताही जुनी होत जाते, त्यामुळे अशी बॅटरी सहा महिन्यांत बसली तर दोष बॅटरी बदलण्याच्या निर्णयाचा नसतो, मालाचा असतो. म्हणून शक्य असेल तेव्हा कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच बॅटरी बदलावी. ते जवळ नसेल, आणि तालुक्याच्या गावी ते पुष्कळदा नसते, तर विश्वासाच्या कारागिराकडे जावे. परंतु बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोची खूण, आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, हे स्वतः वाचावे, उत्पादनाची तारीख पाहावी, आणि निदान तीन-सहा महिन्यांच्या हमीसह छापील बिल घ्यावे. बिल द्यायला जो दुकानदार नकार देतो, त्याच्याकडून बॅटरी घेऊ नये. नव्या आयफोनांत बाहेरची बॅटरी बसवल्यास ती अस्सल असल्याची खात्री करता येत नाही, असा संदेश दिसतो. त्याने फोन बंद पडत नाही, हेही माहीत असावे.

उघडलेला फोन पूर्वीसारखा राहत नाही, या म्हणण्यातले तथ्य पाण्यापासूनच्या संरक्षणापुरते आहे. आयपी६८ दर्जाच्या फोनची पाठ किंवा पडदा गोंदाच्या पट्टीने बंद केलेला असतो; फोन उघडला की ती पट्टी नवी लावावी लागते, आणि ती लावणार का, हे कारागिराला आधीच विचारावे. हे संरक्षण कायमस्वरूपी नसते, वापराने ते कमी होत जाते, असे कंपन्या स्वतःच लिहितात. चार वर्षांचा न उघडलेला फोनही पावसात निर्धास्त वापरण्याजोगा राहिलेला नसतो. बाकी काम कुशल हाताला अवघड नाही. युरोपीय संघाच्या नियमांनुसार तर १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांतील बॅटरी, काही अपवाद सोडता, वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे, आणि २० जून २०२५ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या फोनांची बॅटरी ८०० चक्रांनंतरही ८० टक्के क्षमतेची असली पाहिजे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. तेथे कंपन्यांच्या दुरुस्तीसंबंधी माहितीचे दुवे एकत्र मिळतात आणि सुटे भाग व हमी यांविषयी विचारणा करण्यापूर्वी ते पाहणे उपयोगाचे ठरते.

राहिला खर्चाचा प्रश्न. समजा, अठरा हजारांचा फोन तीन वर्षे वापरला, तर तो महिना पाचशे रुपयांना पडला. अठराशे रुपयांत बॅटरी बदलून तो आणखी दीड वर्ष चालला, तर ते दीड वर्ष महिना शंभर रुपयांना पडते. त्याऐवजी एक्सचेंजमध्ये तीन हजार वजा होऊन तसाच नवा फोन घेतला, तर पंधरा हजार लगेच जातात, आणि ते हप्त्यांनी गेले तर व्याज वा प्रक्रिया शुल्क वेगळे. शिवाय स्मार्टफोनमुळे होणाऱ्या एकूण कार्बन उत्सर्जनाचा बहुतांश भाग तो तयार होतानाच झालेला असतो. महागड्या फोनांच्या बॅटरीचा दर याहून बराच अधिक असतो हे खरे, पण त्या फोनांची किंमतही त्याच पटीत असते. पडदा फुटलेला आहे, चार्जिंगची पिन सैल आहे, अपडेटही थांबले आहेत आणि वर बॅटरी गेली आहे, अशा फोनवर मात्र पैसे घालू नयेत. तेथे तो सल्ला बरोबर आहे, आणि मला वाटते तेवढ्यापुरताच बरोबर आहे.

बॅटरी बदलल्यावर जुनी बॅटरी घरच्या सुक्या कचऱ्यात टाकू नये. कचरागाडीत दाबली गेली तर ती पेट घेऊ शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्प्रक्रियेला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, म्हणून ती बॅटरी बदलणाऱ्या सर्व्हिस सेंटरमध्येच ठेवून यावी किंवा ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रावर द्यावी, आणि ती फुगलेली असेल तर टोचून किंवा दाबून सपाट करण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.