पाइप मोठा करायच्या आधी रस्त्याचा आडवा उतार मोजा

रस्त्यावर पाणी तुंबलं की मागणी ठरलेली: खालचा पाइप मोठा करा. भर पावसात चेंबरचं झाकण उचलून बघा, बऱ्याचदा पाइप अर्धाही भरलेला नसतो. पाणी वरच अडलेलं असतं.

हिशोब सुरू होतो तो पसाऱ्यापासून. कर्बपासून, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या उभ्या दगडापासून, किती रुंदीपर्यंत पाणी चालेल? समजा २ मीटर. डांबरी रस्ता, आडवा उतार (रस्त्याच्या मधून कडेकडे) २ टक्के, लांबीचा ०.५ टक्के. म्हणजे कर्बपाशी खोली ४० मिमी. मॅनिंगचा एन, म्हणजे पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचा आकडा, ०.०१६ धरला तर ही कड सेकंदाला साधारण १५ लिटर पाणी नेते. ताशी ७५ मिमी पाऊस, अर्ध्या रस्त्याची रुंदी ७ मीटर आणि पावसातला वाहून येणारा वाटा ०.९ धरला तर रस्त्याच्या दर मीटरला सेकंदाला ०.१३ लिटर येतं. सुमारे ११५ मीटरवर पसारा मर्यादेला टेकतो, त्याच्या आत पाणी पाइपात उतरवणारी जाळी हवी. शेजारच्या आवारांचं पाणीही रस्त्यावर येत असेल तर आणखी जवळ.

आता गंमत बघा. लांबीचा उतार निम्मा केला तर १५ चे ११ लिटर होतात. आडवा निम्मा केला तर ५ सुद्धा उरत नाहीत, आणि ११५ मीटरचे ३७ होतात! तरी साइटवर कॅम्बरची (आडवा उतार तपासायची) पट्टी लावून कोण बघतं?

जाळी कुठे बसवायची, हाही प्रश्नच. झेब्रा क्रॉसिंगच्या वरच्या अंगाला बसवा, नाहीतर पायी चालणारे पाण्यातूनच जाणार. वळणावर आडवा उतार उलटतो त्याच्या अलीकडे बसवा, नाहीतर पाणी पूर्ण रस्ता ओलांडून पलीकडे जातं. सखल जागी नुसत्या आडव्या जाळीवर विसंबू नका. पानं आणि प्लास्टिक येणारच, तेव्हा निम्मी जाळी बुजलेली धरा, कर्बमध्ये पाणी आत घेणारं उभं तोंड ठेवा आणि दोन्ही बाजूंना थोडं वर एकेक जादा जाळी द्या. चढउतारावर मात्र उभ्या तोंडाला बरीच लांबी लागते, कारण पाणी त्याच्यासमोरून सुसाट निघून जातं. तोंडापाशी गटर ५० मिमी खाली दाबलं तर फरक पडतो. जाळीच्या पट्ट्या प्रवाहाच्या दिशेने असल्या तर पाणी जास्त घेतात, पण सायकलचं चाक अडकतं. म्हणून त्यांवर आडव्या पट्ट्या हव्यातच.

डांबर काँक्रीटच्या गटरच्या कडेपेक्षा ५-६ मिमी वर राहू द्या. खाली राहिलं तर सांध्यात पाणी साचून पाया मऊ होतो.

सगळ्यात जास्त नासधूस करतो तो नवा थर. जुनं डांबर न खरवडता ४० मिमीचे दोन थर चढवले की १५० मिमीचा कर्ब ७० मिमीचा उरतो. जाळी एकतर खड्ड्यात जाते, नाहीतर उचलताना दोन बोटं वर बसते आणि पाणी तिला वळसा घालून पुढे निघतं.

काम ताब्यात घेण्याआधी कडेने टँकर रिकामा करा. पंधरा मिनिटांनी जिथे डबकं उरेल तिथे खडूने गोल काढा आणि ठेकेदाराला बोलवा.