फी जमते, बुडालेल्या पगाराचं काय?

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. बत्तीस वर्षं शिकवून, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापक म्हणून काढलेला माणूस वेळ काढून इतकं सविस्तर लिहितो, तेव्हा 'धन्यवाद' म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. म्हणून स्वतंत्रच लिहिते.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमच्या गावच्या चाकरमान्यांचं मंडळ दरवर्षी शाळेसाठी ८० हजारांच्या आसपास रक्कम जमवतं. ती दहावीच्या गुणगौरवावर, वह्यावाटपावर आणि समारंभावर खर्च होते. त्यातली निम्मी रक्कम इथल्या शाळांतल्याच एखाद्या कर्मचाऱ्याला भाषेचा पात्र शिक्षक होण्यासाठी शिष्यवृत्ती म्हणून द्यावी, असं मी लिहिलं होतं. त्यावर सरांचं म्हणणं असं : शिष्यवृत्ती विद्यार्थ्यांची असते, कर्मचाऱ्यांची नव्हे. बी.एड. झालेली पोरं घरी बसली आहेत, त्यात आणखी एकाची भर कशाला? शिकायचंच असेल तर मुक्त विद्यापीठातून शिकावं. पदवी हातात पडली की ही मंडळी मुंबई गाठणार आणि गावाचे पैसे पाण्यात जाणार. आणि मराठी शिकवायला मराठी माणसाला प्रशिक्षण लागतंच कशाला?

आधी माझी चूक. बी.एड. केलं की पहिलीपासून शिकवता येईल, असं मी लिहून गेले होते. तुम्ही ते पकडलंत आणि ते बरोबर आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजीच सांगितलं की पहिली ते पाचवीला बी.एड. चालणार नाही, तिथे डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकांची पदविकाच लागते. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. पण या दुरुस्तीतून मंडळासाठी एक कामाची गोष्ट निघते. पैसे देण्याआधी 'तुला कितवीला शिकवायचंय?' हे विचारायलाच हवं, नाहीतर चुकीच्या पदवीत दोन वर्षं जातील.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते, कारण तो मला सगळ्यांत जास्त लागला. मराठी शिकवायला प्रशिक्षण कशाला?

जुलैमध्ये मी शेजारच्या गावातल्या माध्यमिक शाळेत सहावीच्या वर्गात मागच्या बाकावर बसले होते. मराठीच्या बाई निवृत्त झाल्यापासून जागा रिकामी आहे. तास घेते ती ग्रंथालयातली मदतनीस. संस्थेच्या मानधनावर, महिना साडेसात हजार. मराठी घेऊन बी.ए. केलंय, तेही बाहेरून. वर्गात एकोणीस मुलं. त्यात तीन नेपाळी, हापूसच्या बागांतल्या राखणदारांची. दोघं चिरेखाणीवर आलेल्या कानडी कुटुंबांतली. बाकीची आपलीच, घरात मालवणी बोलणारी. बाहेर पाऊस असा की पत्र्यावरच्या आवाजात शेवटच्या बाकापर्यंत शब्द पोचत नव्हता.

एका नेपाळी मुलीने वाचून दाखवलं, 'माझा वही आला.' मुलं हसली. ती मुलगी खाली बसली. मदतनीस बाईंनी कोणाला रागावलं नाही. टेबलाखालून तीन रोवळ्या, म्हणजे बांबूच्या टोपल्या, काढल्या आणि एका पिशवीतून नारळ, सुपारी, केळं, खडू, वही, पुस्तक असं काय काय बाहेर काढलं. एक रोवळी 'तो'ची, एक 'ती'ची, एक 'ते'ची. एकेकाने यायचं, वस्तू उचलायची, मोठ्याने बोलायचं आणि योग्य रोवळीत टाकायची. तो नारळ. ती सुपारी. ते केळं. नेपाळीत वस्तूंच्या नावांना असं लिंग लागत नाही, त्यामुळे त्या मुलीला 'वही' बाई का आणि 'खडू' पुरुष का हे कळण्याचा मार्गच नव्हता. हे त्या मदतनीस बाईंना कुणी शिकवलेलं नाही. मुलीच्या आईशी विहिरीवर बोलता बोलता त्यांनीच ते टिपलं. आणखी एक गोष्ट त्यांनी मला दाखवली. नेपाळी मूल 'मेरो' म्हणतं आणि आपलं मूल 'माझो बापूस' म्हणतं. दोन्हीकडे तो 'ओ'. 'बाई, हे दोघं एकमेकांच्या किती जवळ आहेत, आणि पुस्तक दोघांपासूनही लांब,' असं त्या म्हणाल्या. मी बावीस वर्षं मराठी शिकवलं. माझ्या हे कधी लक्षात आलं नव्हतं.

मग तास संपल्यावर त्यांनी वह्यांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. पाच ओळींचा निबंध, आणि त्यात चौदा लाल खुणा. 'ळ'च्या जागी 'ल', लिंग, वेलांटी, मालवणी क्रियापद, सगळं एकाच लाल शाईत. नेपाळी देवनागरीतच लिहितात, पण त्यांच्या लिहिण्यात 'ळ' नसतो. त्यामुळे त्या मुलीची 'ल' ही चूक एका प्रकारची आणि 'माझो बापूस बागेत रवता' लिहिणाऱ्या आपल्या मुलाचं वाक्य दुसऱ्या प्रकारचं. पहिल्याला अक्षर शिकवायचं असतं. दुसऱ्याला सांगायचं असतं की घरी हे बरोबरच आहे, वहीत लिहिताना असं लिहूया. हा फरक करायचा कसा, आज कोणती चूक धरायची आणि कोणती महिनाभर सोडून द्यायची, लिंगानंतर अनेकवचन घ्यायचं की विभक्ती, याचं टाचण, म्हणजे पाठाची आखणी, कशी करायची, चाचणी कशी लावायची, हे त्यांना येत नाही. 'बाई, रोवळ्यांचं झालं, आता पुढे काय घेऊ?' हा त्यांचा प्रश्न होता. सर, प्रशिक्षण लागतं ते या 'पुढे काय'साठी. मराठी बोलता येणं आणि मराठी शिकवता येणं यांत एवढंच अंतर आहे, पण ते उपजत ओलांडता येत नाही. तुम्ही इतकी वर्षं टाचणं तपासलीत. हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे.

जाता जाता एक. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत, इंग्रजी माध्यमाच्यासुद्धा, मराठी सक्तीचं झालं. कायदा झाला ते उत्तमच झालं. पण ज्याचा तास मोकळा त्याला मराठी, हा प्रकार मी इथल्या शाळांत माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे.

आता मुक्त विद्यापीठाचं. हा पर्याय मीही आधी शोधला होता. दूरशिक्षणाचं बी.एड. मिळतं ते आधीच प्रशिक्षित असलेल्या माणसाला. म्हणजे डी.एड. (डी.एल.एड.चंच जुनं नाव) करून नोकरीत असलेले प्राथमिक शिक्षक किंवा नियमित वर्गात बसून एखादा मान्यताप्राप्त शिक्षक-प्रशिक्षण अभ्यासक्रम पुरा केलेले. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा तसा नियमच आहे. ग्रंथालयाची मदतनीस, लिपिक, प्रयोगशाळा परिचर यांना ते दार बंद आहे. त्यांना नियमित बी.एड.च करावं लागतं. २०१५ पासून ते दोन वर्षांचं झालं. हजेरी ८० टक्के, आंतरवासितेच्या, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावाच्या, काळात ९० टक्के. आंतरवासिता एकूण २० आठवड्यांची, त्यातले १६ आठवडे दुसऱ्या वर्षी. नोकरी सांभाळून हे होत नाही. आमच्या पट्ट्यातून कॉलेज गाठायचं तर पडेल कॅन्टीनच्या थांब्यावरून एसटी, तळेऱ्याला गाडी बदला, आणि जाऊन-येऊन दिवसाचे चार तास रस्त्यात.

मला सांगायचं आहे ते इथे आहे. फीची सोय कशीबशी होते. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर ज्याच्या-त्याच्या प्रवर्गाप्रमाणे आणि उत्पन्नाप्रमाणे अर्ज करता येतो, उरलेले नातेवाईक देतात. पण वीस महिने बंद पडलेला पगार कोणत्याही अर्जात मागता येत नाही. माणूस अडतो तो तिथे. म्हणून मी मंडळाला फी भरा असं म्हटलंच नव्हतं. महिना ४,००० रुपये, वीस महिने. वर्षाला ४० हजारांच्या आसपास. साडेसात हजारांची ती भरपाई नव्हे, पण घरातला तांदूळ आणि एसटीचा पास निघतो.

हे काही मी शोधून काढलेलं तत्त्व नाही. म्हैसूरचं भारतीय भाषा संस्थान १९६९ मध्ये सुरू झालं. त्याचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्याला डेक्कन कॉलेजच्या आवारात आहे. इतर राज्यांचे सेवेतले शिक्षक तिथे दहा महिने राहून मराठी शिकतात, आणि त्या काळात त्यांचा पगार त्यांच्या राज्याकडून चालू राहतो, वर विद्यावेतन मिळतं. नोकरीतल्या माणसाला नवी भाषा शिकवायला पाठवायचं तर त्याचं घर चालू राहिलं पाहिजे, हे सरकारने पन्नासेक वर्षांपूर्वीच ओळखलं. ते फक्त कायम शिक्षकापुरतं राहिलं. मानधनावरच्या बाईपर्यंत आलं नाही.

हे मी इतक्या ठामपणे लिहिते कारण मी त्याच दारातून आत आले आहे. मी शाळेत लिपिक होते. पावत्या फाडायचे, दाखले लिहायचे, आणि शिक्षक रजेवर असले की वर्गावर बसायचे. बी.एड. तेव्हा एका वर्षाचं होतं. बिनपगारी रजा मिळाली, पण घरात दोन लहान मुलं आणि यजमानांचा पगार तुटपुंजा. मामंजींनी परड्यातली आंब्याची अकरा कलमं दोन हंगामांसाठी कराराने दिली आणि पैसे आगाऊ घेऊन माझ्या हातात ठेवले. 'वरीसभर आंबो खाल्लो नाय म्हणान कोण मरत नाय,' एवढंच बोलले. त्या दोन वर्षांत आमच्या घरी आमच्याच झाडाचा आंबा आला नाही. मुलं कुंपणापाशी उभी राहून करारवाल्याच्या पेट्या भरताना बघायची. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून आजही जात नाही. ज्यांच्या परड्यात कलमं नाहीत, त्यांनी काय कराराने द्यायचं? मला मामंजींनी जे दिलं ते गावाने कुणाला तरी द्यावं, एवढीच माझी मागणी आहे.

घरी बसलेल्या बी.एड.धारकांबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे, आणि त्यांची वेदना मी लहान करणार नाही. पदवी मिळाली म्हणजे नोकरी मिळाली, असं मी त्या मदतनीस बाईंना कधीही सांगणार नाही. सहावी ते आठवीसाठी टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरची निवड, हे सगळं पुढे उभं आहे. अर्जाच्या पहिल्याच पानावर हे छापलं पाहिजे, असं मी आता सुचवते. तुमच्या प्रतिक्रियेमुळेच ते सुचलं. पण दुसरी बाजूही बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हावंच लागणार आहे. कायम माणसांची ही स्थिती, तर मानधनावर तास घेणारी अपात्र व्यक्ती वर्गात किती दिवस टिकेल? तिला पात्र केलं नाही, तर त्या एकोणीस मुलांपुढे उद्या तीही नसेल. आणि घरी बसलेला बी.एड.धारक साडेसात हजारांवर आमच्या खाडीकाठी येत नाही. संस्थेने दोनदा जाहिरात दिली. एक मुलगा आला, आठ दिवस राहिला.

मुंबई गाठण्याचं भय मलाही आहे. पण इथल्या शाळांतून आजवर गेलं कोण? बदलीची संधी मिळताच गेले ते बहुतेक घाटावरचे शिक्षक. त्यांना मी दोष देत नाही. त्यांचे आईबाप तिकडे, घर तिकडे. या मदतनीस बाईंचं घर शाळेपासून वीस मिनिटांच्या चालीवर आहे, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलगा त्याच शाळेत सातवीला. तरीही मंडळाच्या पैशाची काळजी घ्यायलाच हवी. म्हणून या चार हजारांतली निम्मी रक्कम शिष्यवृत्ती आणि निम्मी बिनव्याजी कर्ज असावी. तालुक्यातल्या कोणत्याही शाळेत शिकवलेल्या प्रत्येक वर्षामागे त्या कर्जाचा तिसरा हिस्सा माफ. तीन वर्षांत फिटलं. गेली तर परत करेल. बाँडपेपरवर बाईमाणसाला बांधून ठेवणं मला मान्य नाही, हे मात्र स्पष्ट सांगते.

आणि गुणवंत मुलांच्या बक्षिसाला मी हात लावलेला नाही. मंडप, ट्रॉफ्या आणि जेवण कमी करा, रोख बक्षीस आहे तेवढंच ठेवा. उरलेल्या ४० हजारांत ते बसतं, मी हिशेब मांडून पाहिला आहे.

तुम्ही म्हणता शिष्यवृत्ती विद्यार्थ्यांची. मुरुडचे धोंडो केशव कर्वे १८७५ साली, भर पावसाळ्यात, परीक्षेला बसायला साताऱ्यापर्यंत पायी गेले होते. वयाने लहान दिसतोस म्हणून त्यांना बसूच दिलं नाही. ती परीक्षा झाली की पुढे मास्तरकी करता यायची. त्या दिवशी ते विद्यार्थी होते की होऊ घातलेले शिक्षक? मला तरी यात दोन जाती करता येत नाहीत. बत्तीस वर्षांची बाई दोन वर्षं पुन्हा बाकावर बसते, तेव्हा ती विद्यार्थीच असते.

सर, एक विनंती आहे. मंडळाची बैठक गणपतीत, चाकरमानी गावात असताना, चवथीच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात आहे. तुम्ही यावं. विरोधात बोलायचं असलं तरी यावं. आणि त्याआधी एक दिवस काढून त्या सहावीच्या वर्गात माझ्या शेजारी बसावं. 'पुढे काय घेऊ' याचं उत्तर मी त्यांना अर्धंच देऊ शकले आहे. तुमच्याकडे जुनी टाचणवही असेल तर ती सोबत आणा. अनेकवचनाच्या पाठाचं टाचण त्यांना या महिन्यातच हवं आहे.